एक डबा राह्यला

(चिखली. एस.टी. स्टँडसमोर पंजाबरावांचं कॉम्प्युटरवरच्या छपाईचं दुकान. समोर बसलेत शेजारच्या गावचे दयाराम आणि त्यांची शाळेत शिकवणारी मुलगी, चांगुणा.)

दयाराम : काल बी डबे, आज बी डबेच!

पंजाबराव : डबे नाहीत हो, दयारामभाऊ. अक्षरंच हायेत. मशीनजोळ चिनी फाँट नाही, मंग ते बिचारं एकेका अक्षराच्या जागी रिकामी चौकट ठेवते.

दयाराम : म्हंजे त्याले येत नाही.

पंजाबराव : आता येईन. बुलढाण्याहून सीडी आणून टाकली ना! थांबा, बंद करून चालू करतो.

दयाराम : मशीनले येत नाही, तुमाले येत नाही, आन उद्या ते आम्ही विहाराच्या दारावर लावाचं.

चांगुणा : बाबा, 'आपलं स्वागत असो' असा अर्थ आहे. तैवानचे भंतेजी बुद्धमूर्ती घेऊन एवढ्या लांबून येताहेत. त्यांच्या अक्षरात दोन शब्द दिसले तर त्यांना बरं वाटेल. नागपूरच्या भंतेजींनी मुद्दाम तिकडून मागवून घेतलं.

दयाराम : नागपूरवाल्याईले वाचता येते?

चांगुणा : नाही. मेल आला तसा त्यांनी मला पाठवला.

दयाराम : घ्या! म्हंजे कोनीच वाचलं नाही.

पंजाबराव : आले, आले! पाहा, तीन अक्षरं आले. काय मस्त दिसून राह्यले! एक डबा राह्यला फक्त.

दयाराम : तो काऊन राह्यला?

पंजाबराव : नसीन या फाँटात. असं करू, तो डबाच उडवतो. तीन अक्षरं काय कमी हायेत? इथं कोनाले समजते!

चांगुणा : भाऊ, असं कसं म्हणता?

दयाराम : म्हणू दे त्याईले. पंजाबराव, महाराष्ट्र झाला त्या साली मी चौथीत होतो. त्याच्या आंधी, दीक्षा घेतल्यावर, आमच्या लोकाईनं वर्गणी करून एक खोली बांधली. एका पेंटरले म्हणलं, पाटीवर 'बुद्ध विहार' लिव. वाचता कोनालेच येत नव्हतं. तीन सालं त्या पाटीले हार घातले. मी शाळा शिकलो आन वाचलं, त वर आमची जुनी जात लिवली होती. मोठ्या सुरेख अक्षरात. बाबाले वाचून दाखवलं त त्यानं मलेच थापड हाणली, पोट्टं खोटं वाचते म्हणून. तो पेंटर बी हेच म्हणला असंन. इथं कोनाले समजते!

पंजाबराव : अरारा... पण मी तसा माणूस हाये का, दयारामभाऊ?

दयाराम : तो बी तसा दिसत नव्हता. बाबाले चहा पाजला होता त्यानं.

चांगुणा : भाऊ, मेलच्या खाली इंग्रजीत लिहिलंय की तैवानचा फाँट वेगळा लागतो. सीडीत बघता का जरा?

पंजाबराव : हाये वाटते... थांबा, लावतो. काय भानगड हाये, एका देशाले दोन दोन फाँट! ...आलं! चौथं बी आलं. केवढं गिचमिड हाये ते!

दयाराम : आता कागदावर काढा. मोठं. दोन काढा.

पंजाबराव : हे घ्या.

दयाराम : एक माह्याजोळ द्या. दुसरा तुमच्या दुकानाच्या दारावर चिकटवा.

पंजाबराव : माह्या? काऊन?

दयाराम : चांगलं लिवलं हाये ना?

पंजाबराव : चांगलंच असीन हो. पण भर स्टँडवर चिनी अक्षरं... लोक विचारतीन, पोलीस विचारतीन. आन खरं सांगू? काही भलतंच असलं त? माह्या पोरीची सोयरीक जमून राह्यली. तिचे पाहुणे याच रस्त्यानं येतात.

दयाराम : आमचे बी पाहुणेच हायेत.

चांगुणा : बाबा, पुरे ना. मला लाज वाटते.

दयाराम : मले भेव वाटते, माय. या वयात बी वाटते.

पंजाबराव : ...बाई, तो डिंक द्या इकडे. दयारामभाऊ, स्टूल धरा, डगमगते. हं. तिरपं त नाही लागलं?

चांगुणा : नाही, सरळ आहे.

पंजाबराव : झालं? आता त भरोसा बसला?

दयाराम : उद्या बसंन. भंतेजीची गाडी इथूनच जाईन. मी हा कागद घेऊन तुमच्या दारात उभा राहतो. त्याईनं वाचून हात जोडले, त तसाच जीपनं पुढं जातो आन विहारावर लावतो.

पंजाबराव : आन तोंड फिरवलं त?

दयाराम : त या बारीले ते तुमच्या दारावर राहीन.