पीस मस्कतचा

(रत्नागिरीतलं एका मोबाईल कंपनीचं सर्व्हिस सेंटर. काउंटरवर बिघडलेला फोन, त्यात व्हिडिओ कॉलवर मस्कतहून हमझा. काउंटरच्या पलीकडे सेंटरचा कर्मचारी हर्षद, अलीकडे हमझाची बायको आसिया आणि सात वर्षांची मुलगी झारा.)

हर्षद : मॅडम, तुम्ही कितीही ओरडलात तरी सिस्टीम हा नंबर घेत नाही. पीस मस्कतचा आहे. वॉरंटी मस्कतलाच.

आसिया : मॅडम कोणाला म्हणतोस? तुझी आई मालन मिरकरवाड्यात माझ्या शेजारी बसून कोलंबी सोलते. आसियाभाभी म्हणायला जीभ झडते?

हर्षद : भाभी, ड्युटीवर आहे मी.

आसिया : मग ड्युटी कर. गेल्या खेपेला बिल मागितलंत. हिच्या अब्बांनी मुझम्मिलकडे फोन पाठवला, त्याने येताना कस्टमला घाबरून खोकं फेकलेलं, बिल फाडलेलं, स्वतःचाच वापरातला फोन म्हणून खिशात घालून आणलेला. सगळेच आणतात तसा. मग हिच्या अब्बांनी तिथल्या दुकानात हातापाया पडून दुसरं बिल काढलं. ते आणलं, तर आता देश काढलास! पहिल्या दिवशी देश दिसला नाय?

हर्षद : त्या दिवशी मी नव्हतो, दुसरा होता.

आसिया : दर वेळी दुसराच असतो.

हमझा : आसिया, मला बोलू दे. भाऊ, मी इथे दुकानात गेलो. ते म्हणतात, फोन आणून दाखव. फोन रत्नागिरीत, मी मस्कतात, सुट्टी पुढच्या वर्षी. काय करू, इथून हात लांब करून उचलू?

हर्षद : साहेब, तिकडे कोण येणारं असेल त्याच्याकडे द्या.

आसिया : आणि तोवर?

हर्षद : तोवर वापरा ना. दोन्ही कॅमेरे गेलेत, बाकी कॉल लागतो, साहेब दिसतायत, आवाज येतोय. कंपनीच्या हिशोबी फोन चालू आहे.

आसिया : असं? मग हे हिला सांग. सांग ना, आवाज येतोय म्हणून. मोठ्याने सांग.

हर्षद : भाभी...

आसिया : ऐकू येत नाय तिला. जन्मापासून. हातांनी बोलते ती. अब्बांचे हात तिला दिसतात, तिचे हात अब्बांना दिसत नाय. किती काय साठलंय तिच्याकडे. मी सांगायला गेले की माझ्या तोंडावर हात ठेवते. तिचं तिलाच सांगायचंय.

हमझा : आणि मी काळ्या पडद्यासमोर हातवारे करत बसतो. खोलीतले विचारतात, हमझा, डोकं ठिकाणावर आहे ना?

हर्षद : पैसे घेऊनसुद्धा करता येत नाही, साहेब. हे मॉडेल इथे विकतच नाहीत. पार्टच येत नाही. आणि बाहेर कुठे उघडू नका, मग मस्कतवालेही हात लावणार नाहीत.

आसिया : म्हणजे तुम्ही करणार नाय आणि दुसऱ्याला करू देणार नाय. विकताना सगळं जग यांचं. बिघडला की तुझा देश वेगळा, माझा देश वेगळा. तुझ्या साहेबाला फोन लाव.

हर्षद : साहेबांचा नंबर आम्हाला देत नाहीत. हेल्पलाईन आहे.

हमझा : ऐकलीय ती. 'तुमचा कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे.' महत्त्वाचा असता तर उचलला नसता, हरामखोरांनी?

हर्षद : माझ्यावर का चिडता पण? मी काय फोन बनवतो?

आसिया : मग कोणावर चिडू? भिंतीवर? कंपनीला तोंड नाय, म्हणून तुला इथे उभा केलाय. लोकांच्या शिव्या खायला. तुला कळत नाय, याचाच जास्त राग येतो.

हर्षद : कळतं, भाभी. ...माझ्या फोनवरून लावू? कॅमेरा चांगला आहे.

आसिया : शेजारच्या इफ्फतच्या फोनवरून लावला होता. तिच्या घरची सगळी जमली आणि हिच्या हातांची नक्कल करून हसली.

हर्षद : इथे कोण हसतो बघू. साहेब, नंबर सांगा तुमचा... हां, लागला. भाभी, धरा तिच्यासमोर.

हमझा : दिसली! अगो, दिसली! (हातांनीही विचारत) दात पडला काय गो तुझा? केवढी झालीस! आसिया, ती बोलत का नाय? नेट अडकलं काय?

आसिया : नेट चालू आहे. हात खिशात आहेत तिचे.