वारा आला, पुन्हा लाव

कौलाला प्रश्न विचारायचा नसतो… अहो, हे वाक्य मी धड बोलायला लागायच्या आधीपासून ऐकतेय. म्हणजे देवाला प्रश्न विचारायचा, त्यासाठी तर देऊळ, गुरव, नारळ, सगळा थाट, पण देवानं उत्तर दिलं की तोंड मिटायचं. का? तर विचारायचं नसतं. असं कोण म्हणतं? आप्पा म्हणतात. आप्पा म्हणजे माझे थोरले चुलते, आमच्या वाडीचे गावकर, म्हणजे देवळातले पहिले मानकरी, आणि वडील मुंबईला गोदीत असल्यामुळं माझे अर्धे वडीलसुद्धा. अर्धे कसले, पावणेदोन!

आता तुमच्याकडे कौल नसेल तर सांगते. देवाच्या पाषाणाला दोन्ही बाजूंना फुलाच्या भिजवलेल्या पाकळ्या चिकटवायच्या. गावकरानं गाऱ्हाणं, म्हणजे देवाला विनवणी, घालायचं, सगळ्यांनी "व्हय म्हाराजा" म्हणायचं, आणि मग बघत बसायचं. उजवी पाकळी आधी पडली तर देवाचा होकार, डावी पडली तर नकार. संपलं. लग्न, बैल, घराचा पाया, सगळं या दोन पाकळ्यांवर. लहानपणी मी एकदा विचारलं होतं, पाकळी जास्त ओली असली तर काय? पाठीत धपाटा बसला. तेव्हाच माझं मानववंशशास्त्राचं शिक्षण सुरू झालं म्हणायचं.

हो, तेच शिकते मी. पुण्याला, विद्यापीठात, एम.ए. हसू नका. गावी जाताना एसटीतल्या कंडक्टरनं विचारलं, कसला कोर्स? सांगितलं. म्हणे, "म्हणजे डॉक्टर?" नाही. "वकील?" नाही. "मग तुम्ही मानवाचं करता काय?" म्हटलं, मोजतो. खरंच मोजतो हो! पहिलं वर्ष कवट्या मोजण्यात गेलं, आणि मे महिन्यात सर म्हणाले, आता आपापल्या गावी जा, जिवंत माणसांची डोकी मोजा, रीतिभाती टिपा, बोलणी टेप करा. आणि विभागाचा टेपरेकॉर्डर दिला माझ्या खांद्यावर. रत्नागिरी स्टँडवर उतरेपर्यंत माझा एक खांदा दुसऱ्यापेक्षा खाली गेला होता, तोही मोजायला हवा होता…

तर वाडीत डोकी मोजायला घेतली. पहिलं डोकं आप्पांचं, मान त्यांचा. दुसरं आमच्या देवळातल्या रावजी गुरवांचं. आप्पांनी लगेच विचारलं, "मोठा कोनाचा?" म्हटलं, आप्पा, शास्त्रात मोठं-लहान नसतं, लांबी-रुंदीचं प्रमाण असतं. "ता ऱ्हांदे. मोठा कोनाचा?" आणि मी, शिकलेली शहाणी, खरं सांगून बसले. रावजीकाकांचं. झालं! त्या दिवसापासून आप्पा माझ्याशी कमी आणि माझ्याविषयी जास्त बोलायला लागले. त्यात माझ्यासाठी एक स्थळ आलेलं, अलोऱ्याच्या वीजप्रकल्प वसाहतीतला मुलगा, पक्की नोकरी. त्यांच्या कानावर गेलं की मुलगी कवट्या हाताळते. ते परत फिरकलेच नाहीत. मी मनातल्या मनात नारळ फोडला. पण आई! "कवटीस लावलेल्या हातान भाकऱ्या थापतंस गो?" म्हटलं, आई, पुण्यात साबण मिळतो.

मग आप्पांनी जाहीर केलं, पुरे झालं शिक्षण, तरी आपण कोण ठरवणारे, देवाला विचारू. आणि मला म्हणाले, "येताना ता यंत्र घेऊन ये." कारण काय, तर आप्पांना स्वतःचं गाऱ्हाणं टेपवर ऐकायची चटक लागली होती. ऐकताना स्वतःच डोळे मिटून "व्हय म्हाराजा" म्हणायचे. म्हणजे बघा, माझ्या शिक्षणाचा निकाल लागणार, आणि तो टेपही मीच करायचा!

देवळात सगळे म्हातारे जमले. आधी आप्पांची विहीर. वर कातळावर विहीर खणायचीय त्यांना. गाऱ्हाणं झालं, पाकळ्या लावल्या, डावी पडली. आप्पा म्हणाले, "रावजी, वारा आला, पुन्हा लाव." पुन्हा लावल्या. पुन्हा डावी. आता म्हणे, गाऱ्हाण्यात एका देवाचं नाव राहिलं. तिसऱ्यांदा उजवी पडली, आणि आप्पा हात जोडून म्हणाले, "कसा बघा, देवाची इच्छा!" यावर कोणी काही बोललं? छे! कौलाला प्रश्न विचारायचा नसतो.

मग मी. पोरीनं पुण्याला जावं काय, म्हाराजा? व्हय म्हाराजा. डावी पडली. आप्पा धोतर झटकून उठलेसुद्धा. "चला. देवान सांगितलान. पोर घरात ऱ्हाईल."

तुम्हाला सांगते, ते पुणं, ते ग्रंथालय, ती खिडकीजवळची माझी जागा, सगळं त्या एका ओल्या पाकळीबरोबर खाली पडलेलं. मी म्हटलं, रावजीकाका, वारा आला, पुन्हा लावा. मागं कोणीतरी फिस्सकन हसलं. आप्पा गरजले, "कौलाला प्रश्न इचारायचा नाय!" म्हटलं, तुमच्या विहिरीला तीनदा विचारला. तर म्हणे, "कोन म्हनता? कधी?"

कधी? अहो, अर्धा तास झाला नव्हता! टेप मागं फिरवली, बटण दाबलं. आणि त्या देवळात, घंटेखाली, आप्पांचाच खणखणीत आवाज आला, "रावजी, वारा आला, पुन्हा लाव."

आप्पा खाली बसले. बराच वेळ कपाळ पुसत होते. मग एकदम मऊ आवाजात म्हणाले, "बरा… रावजी, हिचा पन पुन्हा लाव."

इथं मी गप्प बसले असते तर गोष्ट गोडीत मिटली असती. आई पदर ओढत होती, बस गो, बस. पण मी टेप पुढं सरकवली, सरांनी शिकवल्याप्रमाणं रेकॉर्डिंगचं लाल बटण दाबलं, आणि म्हटलं, "नको, आप्पा. लावूच नका. उजवी पडली तरी मी जाणार, डावी पडली तरी जाणार. मग देवाला उगीच त्रास कशाला? माझं शिक्षण आहे, विचारायचं होतं तर मला विचारायचं."

कोणी बोललं नाही. रावजीकाकांच्या हातात ओल्या पाकळ्या तशाच. आप्पा पाषाणाकडं बघतायत, बाकीचे म्हातारे आप्पांकडं बघतायत, आणि आमच्या वाडीत, जिथं मयताच्या घरीसुद्धा पाच जण एकदम बोलतात, तिथं टेपरेकॉर्डरच्या चाकांची करकर ऐकू येत होती.

सोमवारच्या गाडीनं मी पुण्याला आले. आईनं भाकऱ्या बांधून दिल्या, स्वतःच्या हातच्या.

विजयानं फुलून टेप सरांना ऐकवली. सर शेवटपर्यंत कान देऊन बसले, मग मान हलवून म्हणाले, "छान आहे, पण शेवटी बिघडलीय. काहीच ऐकू येत नाही."

म्हटलं, सर, बिघडली नाही. ते आमचे वडीलधारे आहेत, गप्प बसलेले.

सर म्हणाले, "एका नोंदीवरून काही सिद्ध होत नाही. पुढच्या मे महिन्यात पुन्हा जा."