समोरच्या गॅरेजचा दर

मला एक सांगा, तुम्हाला सख्खी जाऊ आहे का? आणि तिचं गॅरेज तुमच्या गॅरेजच्या अगदी समोर आहे का? नाही ना? मग तुम्ही सुखी आहात हो! तुम्हाला सांगते, दोघे भाऊ वेगळे झाले, रस्त्याच्या या अंगाला आमचं गॅरेज, त्या अंगाला दिरांचं, ठोकलेल्या गाड्या सरळ करायच्या, रंगवायच्या, काम दोघांचं एकच... पण तिच्याकडे काचेचा दरवाजा! गिऱ्हाइकाला बसायला सोफा! आमच्याकडे बाकडं, तेही एका पायानं लंगडं. हे सगळं आलं कुठून? विम्याच्या गाड्यांतून, दुसरं काय!

तशा विम्याच्या गाड्या आमच्याकडेही येतात. पण दरवर्षी करार नवा करायला कंपनीचा साहेब येतो ना... इतका गोड की त्याच्या चहात साखर नको. पहिल्या वर्षी म्हणाला, "रंगकामाचा दर जरा खाली घ्या." आमचे हे म्हणाले, परवडत नाही. तर तो माझ्याकडे वळून, हळूच, "समोर करतात, वहिनी." झालं! अंगाची लाही लाही! म्हटलं, ती करते, मग आम्हाला काय धाड भरलीय?

पुढच्या वर्षी अट नवी. गाडी गिऱ्हाइकाच्या दारातून आणायची, दारात पोचवायची, फुकट. "समोर करतात, वहिनी." केली सही. मग म्हणे बिलाचे पैसे तीन महिन्यांनी मिळतील, आणि गाडी धुऊन, पुसून, आतून झाडून द्यायची... अहो, गाडी आपटली बाहेरून, आतून झाडायची कशाला? पण समोर करतात ना!

ह्यांनी कपाळाला हात लावला. "अगं, रंगाच्या डब्याचासुद्धा खर्च सुटत नाही. एकदा जाऊन विचार तरी तिला, खरंच करते का!"

मी? तिला विचारू? म्हणजे तिनं सोफ्यावर रेलून म्हणायचं, "का हो ताई, झेपत नाही वाटतं?" जीव गेला तरी नाही!

गेल्या सोमवारी साहेब पुन्हा हजर. यंदा म्हणे कंपनी या रस्त्यावर एकच गॅरेज ठेवणार, ज्याचा दर कमी त्याचं. हे म्हणाले, "जाऊ दे त्यांच्याकडे. आपण आपली साधी गिऱ्हाइकं बघू." आणि माझ्या डोळ्यांपुढे काय यावं? सगळ्या गाड्या तिच्या दारात, तिच्याकडे आणखी एक सोफा उतरतोय, आणि मी इथं बाकड्यावर तोल सांभाळत बघतेय! साहेबानं तोंड उघडलं, "समोर तर निम्म्या दरात कर—" त्याचं वाक्य पुरं होऊच दिलं नाही मी. म्हटलं, "आम्ही त्याच्याही खाली!"

हे रंगाचा फवारा हातात धरून तसेच उभे. गाडी राहिली बाजूला, स्वतःचीच चप्पल निळी केली! मी सही ठोकली, वर साहेबाला आणखी एक कप चहा पाजला. तुम्हाला सांगते, त्या रात्री मला इतकी शांत झोप लागली! ह्यांना नाही लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी शटर वर केलं, तर साहेब समोर काचेच्या आत बसला होता, आमच्या गॅरेजकडे बोट करून काहीतरी बोलत होता, आणि जाऊ सही करत होती.