फुलांचा अभ्रा

पोऱ्या स्कूटरचं पंक्चर काढेपर्यंत शाळेच्या बाई गॅरेजच्या बाकावर टेकल्या होत्या. शेजारी एक नवरा-बायको आणि समोर त्यांचा पिकअप. मिस्त्रीचं डोकं बॉनेटखाली होतं.

"काय होतंय गाडीला?"

"चढाला दमच धरत नाही, मिस्त्री. आणि मागून काळाकुट्ट धूर."

"कधीपासून?"

"आमच्या सासूबाई बसायला लागल्या तेव्हापासून."

"अहो!"

"खोटं आहे का? परवा त्यांना उतरवलं, तेव्हा कुठे गाडी वर गेली."

"आणि माझी आई त्या धुरातून खोकत चालत आली! आता म्हणते, तुमच्या गाडीत पाय ठेवणार नाही."

"वजनाचा काय संबंध? काळा धूर म्हणजे इंजिनाला हवा कमी पडतेय. एअर फिल्टर कधी बघितलात?"

"त्याची काळजीच नको. खाणीच्या रस्त्याला धूळ फार, म्हणून मी स्वतः त्याला कापड गुंडाळलंय. दुहेरी!"

मिस्त्रीने फिल्टरचा डबा उघडून धुळीने काळं पडलेलं एक फडकं ओढून काढलं.

"अहो, यातून वारासुद्धा जात नाही. गाडीचं नाकच दाबून धरलंत की!"

"बघू ते." बायकोने फडकं झटकलं. "ही फुलं तर मी भरलीत! माझा उशीचा अभ्रा! महिनाभर घर पालथं घालतेय मी!"

"जुना वाटला गं मला…"

बाईंचं पंक्चर केव्हाच निघालं होतं. त्या उठल्या नाहीत. बायकोने फोन लावला.

"आई, उद्या तयार राहा. हो, त्याच गाडीने. चालवणार मी, शेजारी तू. हे ना? हे मागे हौद्यात. आणि चढ आला की उतरवू त्यांना."