झेंडूखाली चार दिवस

...आणि वर मलाच विचारतात, ‘वाल्मीक, तुला कळत कसं नाही?’ अहो, कळणार कसं? दिसलं तर कळेल ना! तुम्हाला सांगतो, बावीस वर्षं झाली मला कॉलेजच्या प्रयोगशाळेत, काचेची एक नळी कधी हातून फुटली नाही. ॲसिडच्या बाटल्या सांभाळल्या, पोरांनी सोडलेले बेडूक जिन्याखालून धरून आणले... आणि नाव कशानं खराब व्हावं माझं? जे दिसतच नाही त्यानं!

कुंभमेळा झाला ना, त्याच्या पुढच्या वर्षीची गोष्ट. आमच्याकडे तृप्ती मॅडम होत्या, पीएच. डी. करत होत्या. काडीसारखी पोरगी, डबा खायचा विसरायची, पण कामाला वाघ. तीन महिने तिचं एकच, ‘काका, पार्सल आलं का? काका, पार्सल?’ शेवटी आलं. हा एवढा थर्माकोलचा डबा, टीव्हीच्या खोक्याएवढा! कुरियरवाला म्हणतो, ‘हळू धरा हो, नाजूक माल आहे.’ म्हटलं, काय आलंय, कलमी आंबे? उघडला. आत बर्फाच्या पिशव्या. त्याखाली आणखी एक डबा. त्यात प्लॅस्टिकची पिशवी. पिशवीत करंगळीच्या नखाएवढी नळी... आणि आत बघावं तर काही नाही!

मी नळी उजेडात धरली, उलटी केली, चष्मा पुसून पाहिलं. म्हटलं, ‘मॅडम, फसवलं आपल्याला. रिकामी आहे.’ तर ती चक्क टाळ्या वाजवत होती! ‘रिकामी नाही काका, कुत्र्याचं प्रोटीन आहे, वाळवलेलं! दहा मायक्रोग्रॅम, डोळ्याला दिसायचंच नाही!’

कुत्र्याचं? मी नळी पटकन खाली ठेवली. ‘कुठल्या कुत्र्याचं?’

‘कुठल्याच नाही. कुत्र्याला कुणी हातसुद्धा लावलेला नाही.’

आता बोला! कुत्र्याचं आहे आणि कुत्रा नाही. मग मॅडमनी मला स्टुलावर बसवलं आणि समजावलं. मोठे सर मला समजावत नाहीत हो, ही समजवायची. म्हणाली, कुत्र्याच्या शरीरात प्रत्येक गोष्ट कशी बनवायची ते लिहिलेलं असतं. त्यातला हा एवढासा मजकूर उचलायचा आणि जंतूच्या पोटात ठेवायचा. तो जंतू, ज्यानं जन्मात कुत्रं पाहिलेलं नाही, तो मुकाट्यानं ते वाचतो आणि कुत्र्याचं प्रोटीन बनवतो. अगदी अस्सल!

मी म्हटलं, हात्तिच्या, हे तर आमच्या ललितानं केलंय! ललिता म्हणजे आमच्या मंडळी. नांदगावची शेवभाजी तिनं पत्रात लिहून शेजारणीच्या सुरतच्या सुनेला पाठवली. त्या बाईनं नांदगाव पाहिलेलं नाही, पण भाजी खाल्ली तर डोळे मिटून म्हणाल, ललिताच्या हातची! मॅडम म्हणाली, ‘काका, मला दोन वर्षांत हे इतकं सोपं सांगता आलं नाही.’ खोटं नाही सांगत, माझी छाती फुगली.

आणि ते प्रोटीन करतं काय? नाव त्याचं इंटरफेरॉन. एखाद्या पेशीत विषाणू शिरला, की ती पेशी स्वतः मरायला टेकलेली असताना हे बाहेर सोडते. म्हणजे शेजारणींना ओरडून सांगते, ‘बायांनो, दारं लावून घ्या, मी काही वाचत नाही!’ आणि शेजारणी दारं लावतात. अहो, आमच्या कॉलनीत चोर शिरला तर कुणी खिडकी उघडत नाही, आणि कुत्र्याच्या अंगात ही माणुसकी! त्या रात्री जेवताना मी भातावर आमटीऐवजी पाणीच ओतलं. ललिता म्हणाली, ‘अहो, बरं वाटत नाही का?’ काय सांगू तिला? हाक आहे म्हणून सांगू? नखाएवढ्या नळीत भरलेली हाक... आणि आत बघावं तर काही नाही!

तर ती नळी फ्रिजमध्ये गेली. मॅडमनी दारावर चिठ्ठी लावली, ‘वाल्मीककाकांशिवाय कोणीही उघडू नये.’ बघा, केवढा विश्वास! रिकामा थर्माकोलचा डबा मला दिला, ललिता त्यात दही लावायला लागली. आणि मॅडमचं सगळं त्या नळीवर अडलेलं. प्रयोग लागला तर डिसेंबरात प्रबंध द्यायचा, नाहीतर मुदत संपली, शिष्यवृत्ती संपली, बाई घरी. दुसरी नळी मागवायची तर पुन्हा तीन महिने!

आणि आली खंडेनवमी.

आता तुम्हीच सांगा, ज्याच्यावर पोट चालतं त्याला वर्षातून एकदा हळदकुंकू लावायचं की नाही? आमच्याकडे दरवर्षी होतं. सूक्ष्मदर्शक, तराजू, गरगर फिरणारं ते यंत्र, सगळ्यांना झेंडू. आमचे यादव सर, विभागप्रमुख, दरवर्षी म्हणतात, ‘वाल्मीक, ही विज्ञानाची जागा आहे!’ आणि आरतीला पहिले तेच उभे, ‘माझ्या मायक्रोस्कोपला कुंकू कमी लागलंय बघ!’

मी टेबल मांडलं आणि मनात आलं, अरे, सगळ्यात मोठा पाहुणा तर फ्रिजमध्ये बसलाय! फिरत्या यंत्राला फूल, आणि परदेशातून आलेली ही हाक अंधारात? काढली. विड्याच्या पानावर ठेवली. झाकणाला कुंकवाचं बोट लावलं, वर झेंडू. इतकी शोभली म्हणता! आरती झाली, नारळ फुटला, पेढे वाटले. आणि पूजेला लावलेली वस्तू लगेच उचलायची नसते, हे तर तुम्हालाही माहीत आहे. दसऱ्याला उचलू म्हटलं. दसऱ्याला कॉलेज बंद. शनिवारचं सर म्हणाले, ‘मध्ये एकच दिवस कशाला?’ म्हणून सुट्टी. मग रविवार. मॅडम गावी. मी कुलूप लावून मजेत घरी, सोनं वाटतोय लोकांना!

सोमवारी सकाळी मॅडमनी फ्रिज उघडला.

तुम्हाला सांगतो, ती ओरडली असती तर बरं झालं असतं. नळी झेंडूखाली सापडली, फूल वाळून काळं पडलेलं, पेढ्याच्या चुऱ्याला मुंग्या, आणि वर पत्र्याचं छप्पर, ऑक्टोबरचं ऊन! ती स्टुलावर बसली, ज्या स्टुलावर मला बसवून शिकवलं होतं त्याच, आणि एवढंच म्हणाली, ‘काका...’ बस. पुढे काही नाही. सरांनी मात्र सगळं पुढचं म्हटलं. ‘बर्फात आलेली वस्तू तू चार दिवस उकाड्यात ठेवलीस? तुला कळत कसं नाही?’ मी नळी पाहिली. वाटलं, खराब झालं असेल तर काळं पडेल, वास येईल, काही तरी होईल... आणि आत बघावं तर काही नाही!

घरी गेलो आणि रडलो. हो, रडलो, लाजायचं काय त्यात? ललिता म्हणाली, ‘त्या डब्याबरोबर काही कागद नव्हता का? साध्या मिक्सरबरोबर येतो!’ कागद? दह्याचं पातेलं बाहेर काढलं, तर डब्याच्या तळाला प्लॅस्टिकमध्ये घडी घातलेला कागद! इंग्रजी. आमची सृष्टी बारावीला, तिनं वाचला. ‘बाबा, यात लिहिलंय, कोरडी पावडर असेल तर साध्या खोलीत तीन आठवडे टिकते.’ मी म्हटलं, पुन्हा वाच. तिनं वाचलं. मी म्हटलं, अजून एकदा.

अहो, एवढे शिकलेले लोक, आणि कागद कुणी काढलाच नव्हता! मी तो दह्याचा डाग पडलेला कागद घेऊन सायकलवर जो सुटलो... मॅडमनी वाचला, पण हसली नाही. ‘काका, कागदावरची खोली आणि आपली पत्र्याखालची खोली एक नाही. करून बघू.’

एका ताटलीत नुसत्या कुत्र्याच्या पेशी, प्रोटीन नाही. दुसऱ्या ताटलीत पेशी, त्यावर ते प्रोटीन पाण्यात विरघळवून. मग दोन्हींवर विषाणू सोडला आणि थांबलो. तीन दिवस मी देवाला काहीच मागितलं नाही, तोंडच नव्हतं मागायला. तिसऱ्या दिवशी मॅडमनी सूक्ष्मदर्शकात पाहिलं. ताटल्या दोनदा अदलून बदलून पाहिल्या. मग बाजूला सरकून म्हणाली, ‘तुम्ही बघा.’

पहिली ताटली, प्रोटीन नसलेली. पेशी गोल होऊन सुटून गेलेल्या, सगळा उजाड. दुसरी... अहो, दुसरीत फरशी बसवावी तशा एकीला एक लागून, सगळ्या जिवंत! दारं लावून बसलेल्या! हाक पोचली होती हो. ज्या कुत्र्याला कुणी पाहिलं नाही त्याची हाक, जंतूनं तयार केलेली, समुद्र ओलांडून आलेली, माझ्या झेंडूखाली चार दिवस पडून राहिलेली... पोचली! बावीस वर्षं मी तो सूक्ष्मदर्शक पुसत होतो, त्या दिवशी पहिल्यांदा त्याला मनापासून हात जोडले. मॅडम रडत होती, मी रडत होतो, सर नाक पुसत म्हणत होते, ‘ॲसिडची बाटली कुणी उघडी ठेवली?’

संपलं ना सगळं छान? इथं संपायला पाहिजे होतं! पण नाही. शास्त्रात म्हणे एकदा होऊन चालत नाही, तीनदा करून दाखवावं लागतं. हा निकाल बघून मॅडमला सहा महिने मुदत वाढवून मिळाली, जानेवारीत दुसरी नळी आली. मी कानाला खडा लावलेला, कागद आधी काढला, नळी फ्रिजमध्ये, किल्ली खिशात. तर यादव सर स्वतः आले, हातात वही. ‘वाल्मीक, बाहेर काढ. प्रयोग हुबेहूब तसाच व्हायला हवा, एक गोष्ट बदलायची नाही. चार दिवस बाहेर. झेंडू एक. कुंकू, झाकणावर, उजव्या हाताचं बोट.’

म्हटलं, ‘सर, ही विज्ञानाची जागा आहे!’

‘म्हणूनच!’ म्हणाले.

जानेवारीत केलं. मग एप्रिलात तिसरी नळी आली, पुन्हा तेच. मॅडम आज डॉक्टर आहेत, देव त्यांचं भलं करो. पण तुम्हाला सांगतो, अख्ख्या नाशकात वर्षाच्या आत आमच्याकडेच खंडेनवमी तीनदा झाली... आणि नारळ तिन्ही वेळा मीच आणला.