सोबत्याला तिकीट माफ

...आणि तिसऱ्यांदा तेच! अहो, बसमध्ये एकदा विचारून झालं, फाटकावर एकदा विचारून झालं, आता तिकीट खिडकीतली बाई मान उंच करून माझ्या डोक्यावरून मागे बघतेय आणि विचारतेय, सोबत कोण आहे? मागे कोण असणार? मागे व्हीलचेअरची बॅटरी आहे. तुम्हाला सांगते, बावन्न वर्षांची बाई मी, तीस वर्षं घरात बसून लोकांचे कपडे अल्टर करून देते, सगळ्या कॉलनीच्या कमरा मला तोंडपाठ, कोण सुटलाय, कोण वाळलाय, कोण खोटं सांगतोय, सगळं ठाऊक. पण ही खुर्ची घेऊन घराबाहेर पडले रे पडले की मी एकदम पार्सल होते. पार्सल कुणाबरोबर आलंय ते सांगा, मग पुढचं बोलू.

तर झालं काय, मला आकाशपाळण्यात बसायचं होतं. हसू नका. माझ्या शिलाई मशीनसमोर खिडकी आहे आणि खिडकीतून त्या मोठ्या पार्कातला पाळणा दिसतो. नऊ वर्षं बघतेय. सुईत दोरा ओवला, मान वर केली, पाळणा. पँट उसवली, मान वर केली, पाळणा. मला एकच बघायचं होतं, की तिकडून माझी खिडकी दिसते का. बास, एवढंच. मोठं मागणं आहे का हे?

भावाला विचारलं. तो म्हणाला, ताई, पुढच्या रविवारी नक्की. हे तो म्हणाला तेव्हा त्याची मुलगी शाळेत होती, आता तिचं लग्न झालंय. वहिनीला उंचावर चक्कर येते, तिला तर फोनवरच आली. मैत्रीण म्हणाली, अगं, पण तुला जमेल का? म्हणजे जमणार तिला नव्हतं, नाव माझ्यावर टाकलं. शेवटी म्हटलं, मरू दे, एकटी जाते. आणि खोटं कशाला बोलू, मला वाटलं होतं अडेल ते पायऱ्यांपाशी.

पायऱ्याच नाहीत हो! हीच तर माझी तक्रार आहे. रॅम्प आहे, रॅम्पला कठडा आहे. रुंद दाराचं टॉयलेट आहे; त्याला कुलूप आहे, किल्ली सफाईवाल्या मावशींकडे, आणि मावशी किल्ली हातात धरून विचारतात, सोबत कोण आहे? अहो मावशी... तिथंसुद्धा? लिफ्ट आहे. लिफ्टपाशी पाटी आहे, बटण सोबत्याने दाबावे. आणि बटण माझ्या डोक्याच्या वर हातभर. पर्समधली छत्री काढून तिच्या टोकानं दाबलं मी, आणि छत्री परत आत ठेवताना वाटलं, आज आपल्या कामाला आलेली ही एकटीच.

तिकिटाचं तर राहूनच गेलं. सोबत्याला तिकीट माफ! मी म्हटलं, सोबती नाही, माझं एक द्या. तर देता येत नाही, कॉम्प्युटर खुर्चीवाल्यांच्या प्रकारात एक तिकीट काढतच नाही, जोडी काढतो. आली की हातात जोडी. एकावर माझं नाव, दुसऱ्यावर नुसतं ‘सोबती’. फुकट असून घ्यायला कुणी नाही असा माल मी आजवर बघितला नव्हता.

पोहोचले पाळण्यापाशी. आणि काय सांगू, एक डबा खास, खुर्चीसकट आत जाता येईल असा, चाकं अडकवायला पट्टे, धरायला दांडी. कुणीतरी बसून, विचार करून, माझ्यासारखीसाठी बनवलाय. मी खुर्ची पुढे घेतली आणि पाळणेवाल्यानं साखळी आडवी लावली, अगदी नम्रपणे. ओळखा बघू काय विचारलं असेल? सोबत कोण आहे? म्हणे, पाळणा वर अडकला तर धीर द्यायला माणूस हवा. मी म्हटलं, मला आहे की धीर. तो म्हणाला, स्वतःचा चालत नाही.

आता मात्र माझे डोळे भरले. पायऱ्या असत्या तर घरी जाऊन पायऱ्यांना शिव्या घातल्या असत्या, रागावर माझा आठवडा छान जातो. इथं सगळ्यांनी माझी सोय केलेली, आणि कमी पडत होतं ते माझ्या घरातलं माणूस. शिव्या कुणाला घालायच्या?

शेजारच्या बाकावर एक काका होते, सत्तरीचे. सहा पिशव्या, चार जोड चपला, गळ्यात नातवाची पाण्याची बाटली. घरची मंडळी पाण्याच्या घसरगुंडीवर आणि काका सामानावर. पँट इंचभर लांब. मी दुसरं तिकीट पुढे केलं, म्हटलं, काका, फुकट आहे, येता? ते म्हणाले, सामानाजवळ कुणी नाही. म्हटलं, सामान घेऊन चला. दोन तास बसलेला माणूस, उठला. पाळणेवाल्यानं फॉर्म पुढे केला, त्यावर नातं लिहायचं होतं. मी लिहिलं मावसभाऊ, त्याच वेळी ते तोंडानं म्हणाले मेव्हणे. पाळणेवाल्यानं शिक्का मारला. त्याला सोबती हवा होता, वंशावळ नको होती. मग काकांना विचारतो, यांना उंचीची भीती नाही ना? मी समोर बसलेय, आणि विचारतोय त्यांना, ज्यांचे ओठ पांढरे पडलेत! काका म्हणाले, यांना नाही.

निघालो वर. काकांनी माझ्या खुर्चीची मूठ धरली आणि डोळे गच्च मिटले. झालं, धीर द्यायचं काम माझ्याकडे. काका, श्वास घ्या. काका, पँट आणून द्या, इंचभर कमी करून देते. तेवढ्यात त्यांचा फोन वाजला, सूनबाई ओरडतेय, बाबा, चपला कुठायत? काका डोळे न उघडता म्हणाले, वर.

आणि अगदी टोकावर पाळणा थांबला. मी पाण्याची टाकी शोधली, टाकीच्या डावीकडे आमची इमारत, खालून मोजत चौथा मजला... सापडली! शर्टाच्या बटणाएवढी, पण सापडली. फार आनंद झाला हो. मग बघत राहिले. पडदा सकाळी सोडला तसाच. नऊ वर्षं मी तिच्यातून बाहेर बघत आले, बाहेरून तिच्याकडे कधी बघितलं नव्हतं, त्यामुळे मी नसताना ती खिडकी कशी दिसते ते मला माहीतच नव्हतं.

मी म्हटलं, काका, ते बघा माझं घर. काकांना बघवत नव्हतं, पण सोबत्यानं काहीतरी बोलायला हवं म्हणून बिचाऱ्यांनी मिटल्या डोळ्यांनी विचारलं, "आत्ता घरी कोण आहे?"

म्हटलं, "कोणी नाही काका, घरातले सगळे पाळण्यात बसायला आलेत."