रविवारचं पुस्तक

(रविवार सकाळ. नागपूरच्या नंदनवन वस्तीतलं घर. देवाजी आणि त्यांची बायको कौसल्या फोनपाशी.)

कौसल्या : पाकीट फोडलंबी नाही जी. पाखरांचं पुस्तक, किती आवडीनं घेतलं होतं तुम्ही.

देवाजी : पोरीच्या मिहानमधल्या बिल्डिंगचा वॉचमन म्हणे, साहेबांनी घ्यायचं नाही म्हटलं, वापस न्या. मले तं वरबी जाऊ दिलं नाही.

कौसल्या : जावई आहे का जेलर? सहा महिने झाले, पोरीचं तोंड पाहिलं नाही.

देवाजी : चूप राह्य आता. दर रविवारी पुस्तकातली गोष्ट विचारतो, तसंच विचारतो. ...हॅलो नंदू, जय भीम बेटा.

नंदिनी : जय भीम, बाबा. फोन स्पीकरवर आहे. केयूर इथंच बसून आहे.

देवाजी : बसू दे न. मी गेटवर ठेवलं ते पुस्तक भेटलं काय?

केयूर : भेटलं ना, बाबा. सारखी तेच वाचत असते. सांग ना गं.

नंदिनी : हो बाबा. वाचून राहिली.

देवाजी : काय आहे त्यात?

नंदिनी : एक बाई आहे. तिचा नवरा कामाले जाताना बाहेरून कुलूप लावून जाते.

देवाजी : आन् तिचा बाप?

नंदिनी : त्याले वाटते, पोरगी सुखात आहे.

देवाजी : ...मंग पुढं काय होते?

नंदिनी : उद्या तो तिले दूर कुठंतरी नेणार आहे. तिथं फोन लागत नाही म्हणे.

केयूर : नंदिनी, चहा टाक. जा.

देवाजी : मस्त सांगितली गोष्ट, बेटा. मन लावून ऐकली मी.

केयूर : मीही ऐकली, बाबा. बरी रंगवते ती. तुम्ही तर वाचलंच असेल हे पुस्तक. मला एवढंच सांगा, शेवटी तो बाप येतो का?

देवाजी : माझं तिथवर वाचणं झालं नाही, जावईबापू.

केयूर : मग सावकाश वाचा. घाई कशाला या वयात? ठेवतो.

कौसल्या : ठेवला त्यानं? अहो, पुस्तक तं हे माझ्या हातात आहे. नंदू कोण्या बाईचं सांगून राहिली होती?

देवाजी : स्वतःचं.

कौसल्या : त्याले समजलं काय, आपल्याले समजलं म्हणून?

देवाजी : समजलं. समोरच्या प्रशिकले गाडी काढाले सांग, आधी पोलीस ठाण्यात जाऊ. चप्पल घाल, कौसल्या.